ट्यूब अँपला लोड बॉक्स: ८ च्या जॅकला की १६ च्या? (ठाणे)

कोलशेतकर | शुक्रवार, रात्री १०.४०

मंडळी, जरा मदत हवी आहे. कोलशेत रोडला टॉवरमध्ये राहतो. भिंतीपलीकडे दहावीचा मुलगा अभ्यासाला बसतो, त्यामुळे घरी गिटारचा अँप (अँप्लिफायर) वाजवणं जवळपास बंद आहे. अँप म्हणजे १५ वॅटचा ट्यूब हेड (स्पीकर वेगळा असलेला अँप), पॉवर सेक्शनला ईएल८४ ट्यूबची जोडी. कॅबमध्ये (स्पीकरच्या पेटीत) एकच बारा इंची स्पीकर, मागे १६ ओहम छापलंय. हेडच्या मागे तीन जॅक आहेत, एक १६ चा आणि दोन ८ चे. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'कोणता अँप भारी' या वळणावर जातो आणि परत येत नाही.

आता खारघरच्या एकाकडून सेकंड हँड रिअॅक्टिव्ह लोड बॉक्स घेतला आहे, म्हणजे स्पीकरऐवजी अँपची पॉवर गपचूप खाणारा डबा. तो फिक्स ८ ओहमचा, सिलेक्टर वगैरे काही नाही. साध्या बुद्धीने ८ ला ८ लावायचं हे कळतं. पण व्हिडिओ बघायला बसलो आणि गोंधळ वाढला. एकजण सांगतो की १६ च्या जॅकला ८ लावलं तर चालतं, दुसरा म्हणतो त्याने ट्यूब जातात, तिसरा म्हणतो दुप्पट फरक कुठल्याही बाजूला चालतो. दुसरं असं की कॅब १६ ला आणि बॉक्स ८ ला, दोन्ही एकदम लावून ठेवता येतील का? म्हणजे दिवसा कॅब, रात्री हेडफोन, वायरी काढाघाल नको.

वाशीचा_बेसिस्ट | शुक्रवार, रात्री ११.०५

ओहम जास्त असले की अँप सेफ, कमी झाले की धोका. माझ्या बास अँपवर 'कमीत कमी ४ ओहम' लिहिलंय. ८ लावतो, १६ लावतो, आवाज कमी होतो, बाकी काही होत नाही. काही न लावता चालू ठेवला तरी ढिम्म हलत नाही. तुम्ही ८ च्या जॅकला १६ लावा, ८ लावा, फक्त ४ लावू नका. संपला विषय.

व्हॉल्व्हवाला | शुक्रवार, रात्री ११.३२

बेसिस्ट राव, हे तुमच्या सॉलिड स्टेट अँपपुरतं शंभर टक्के खरं आहे आणि ट्यूब अँपच्या बाबतीत तितकंच घातक. काही न लावता ट्यूब अँप वाजवला तर नेमका तोच सगळ्यात मोठा धोका.

कारण असं. ट्रान्झिस्टर अँपला बहुधा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, स्पीकर थेट जोडलेला असतो. लोड काढला की करंट वाहत नाही, अँप निवांत. ट्यूब अँपमध्ये मधे ट्रान्सफॉर्मर आहे. ट्यूबला हजारो ओहमचा लोड लागतो, स्पीकर आहे ८ चा. सायकलचे गिअर जसे पायाचा जोर रस्त्याला जुळवतात तसा हा ट्रान्सफॉर्मर दोघांना जुळवतो. फेऱ्यांचं जे गुणोत्तर असेल त्याच्या वर्गाइतक्या पटीने ओहम पलीकडे दिसतात. कोलशेतकरांच्या ईएल८४ च्या जोडीला प्लेट ते प्लेट (प्लेट म्हणजे ट्यूबचं आउटपुटचं टोक) साधारण ८,००० ओहम लागतात. ८,००० भागिले ८ म्हणजे १,०००, त्याचं वर्गमूळ ३१.६. म्हणजे ८ च्या टॅपसाठी (जॅकला जोडलेल्या वाइंडिंगच्या टोकासाठी) ३१.६ ला १ असं वाइंडिंग. १६ च्या टॅपसाठी २२.४ ला १.

आता सेकंडरीला (स्पीकरकडच्या वाइंडिंगला) काहीच नसेल तर ट्यूब करंट सोडते आणि अचानक तोडते, कोअरमध्ये साठलेली ऊर्जा जायला वाट नसते आणि प्रायमरीवर (ट्यूबकडच्या वाइंडिंगवर) व्होल्टेज सप्लायच्या कितीतरी वर उसळतं. मग कुठेतरी ठिणगी पडते, एक तर ट्यूबच्या सॉकेटवर नाही तर ट्रान्सफॉर्मरच्या आत. सॉकेटवर पडली तर नशीब.

नवी मुंबईतल्या एका रिहर्सल रूममधून माझ्याकडे अँप आला होता. ईएल३४ वाला. पिन ३ ला प्लेट, शेजारच्या पिन २ ला हीटर. त्या दोन पिनांच्या मधे सॉकेटवर केसाइतकी काळी रेघ होती, नखाने खरवडली तरी जात नव्हती. तो कोळसा. एकदा ठिणगी पडली की ती वाट जळून करंट वाहू लागतो आणि दर वेळी तिथूनच जातो. सॉकेट बदललं, दोन ट्यूब बदलल्या, ट्रान्सफॉर्मर वाचला होता. झालं काय होतं, तर त्यांनी डीआय बॉक्सला लोड बॉक्स समजून अँपचा स्पीकर आउट त्यात लावला आणि कॅब काढून ठेवला.

ऐरोलीकर | शनिवार, सकाळी ८.१०

डीआय आणि लोड बॉक्समध्ये फरक काय पण? दोन्हीला मागे स्पीकर जॅक असतो.

व्हॉल्व्हवाला | शनिवार, सकाळी ८.४५

दिसायला भाऊ-भाऊ. पाल्मरचा पीडीआय-०९ किंवा बेहरिंगरचा अल्ट्रा-जी हे डीआय. अँप आणि स्पीकरच्या मधे बसतात, सिग्नलचा नमुना घेऊन मिक्सरला देतात आणि बाकी सगळं जसंच्या तसं पुढच्या स्पीकरकडे सोडतात. त्यांच्यावर ३,००० वॅट वगैरे लिहिलेलं वाचून लोकांना वाटतं की एवढी पॉवर हा खातो. खात नाही, बघतो फक्त. पुढे कॅब नसेल तर अँपच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. लोड बॉक्स स्वतः पॉवर पोटात घेतो आणि उष्णतेत घालवतो. उचलून बघितला तरी कळतं, आत कॉइल असतात, हीटसिंक असतो, बऱ्याचदा पंखा असतो. तळहातावर मावणारा, किलोभराचाही नसलेला डबा १०० वॅट खाईल अशी आशा ठेवू नका.

वाशीचा_बेसिस्ट | शनिवार, सकाळी ९.२०

बरं झालं विचारलं. आमच्या गिटारिस्टला लिंक पाठवली.

निवृत्त_अभियंता | शनिवार, सकाळी ११.५०

कोलशेतकर, मूळ प्रश्नाकडे येतो, कारण वर दुप्पट फरकाचं उत्तर राहून गेलं.

तुमचा ८ चा बॉक्स १६ च्या जॅकला लावला तर ट्यूबना ८,००० ऐवजी ४,००० ओहम दिसतील. करंट वाढतो, प्लेटवर उष्णता वाढते, ट्यूब लवकर म्हाताऱ्या होतात. ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेजचा ताण मात्र कमी. उलट, १६ चा कॅब ८ च्या जॅकला लावला तर १६,००० दिसतील. पॉवर कमी मिळेल, प्लेटचा करंट कमी, पण व्होल्टेजचा झोका मोठा. प्लेटचं व्होल्टेज खाली ओढलं जातं तेव्हा करंट स्क्रीन ग्रिडकडे (ट्यूबमधल्या प्लेटजवळच्या जाळीकडे) वळतो. ईएल८४ ची प्लेट १२ वॅट झेलते, स्क्रीन फक्त २. तिथे ती जळते.

म्हणून तुम्हाला दोन विरुद्ध सल्ले मिळाले आणि दोन्ही अर्धे बरोबर आहेत. मेसा बूगीच्या मॅन्युअलमध्ये ४ च्या जॅकला ८ चा कॅब चालेल, उलट केलंत तर अँप जास्त तापेल अशा अर्थाचं वाचायला मिळतं. ट्रान्सफॉर्मर जपणारे मेकॅनिक नेमकं उलट सांगतात. एकजण ट्यूब वाचवतोय, दुसरा ट्रान्सफॉर्मर. ट्यूब बाजारात मिळते, जुन्या अँपचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. माझा कल म्हणूनच दुसऱ्या बाजूला.

खोपटगिटार | शनिवार, दुपारी १२.३०

साहेब, एक शंका आहे, उद्धटपणा समजू नका. स्पीकरचे ८ ओहम हे नावापुरतेच ना? मी मल्टिमीटरने ८ च्या स्पीकरवर साडेसहा बघितलेत. आणि ग्राफ बघितला तर ७५-१०० हर्ट्झच्या आसपास इम्पीडन्स पाच-सहा पट सहज चढतो, वरच्या बाजूलाही चढत जातो. म्हणजे स्पीकर स्वतःच दर सुराला वेगळा ओहम दाखवतोय. मग ८ ला १६ लावल्याने एवढं काय आभाळ कोसळतं?

निवृत्त_अभियंता | शनिवार, दुपारी १.१५

उद्धटपणा कसला, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

साडेसहा हा तारेचा डीसी रोध, तो नाममात्र आकड्याच्या पाऊण पटीच्या जरा पुढे-मागे असतोच. १६ चा स्पीकर मीटरवर १२-१३ दाखवेल. कॅबवरचा स्टिकर फाटला असेल तर ओळखायची हीच रीत. खाली जो डोंगर दिसतो तो कोनच्या रेझोनन्सचा. सेलेस्चन व्हिंटेज ३० चा ७५ हर्ट्झला आहे, ग्रीनबॅकचाही तिथेच. वरचा चढ व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्सचा. पण डोंगर अरुंद आहे. उघड्या खालच्या ईची मूळ कंपनसंख्याच ८२ हर्ट्झ, आणि गिटारचा बहुतेक दम ३०० ते ६०० हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे स्पीकर खरोखर ८ च्या जवळ असतो. त्या पट्ट्यात सतत १६ दाखवणं आणि एखाद्या सुराला क्षणभर ५० दाखवणं यात फरक आहे.

रिअॅक्टिव्ह बॉक्स हाच वक्र कॉइल आणि कपॅसिटर लावून नकलतो. नुसत्या रेझिस्टरचा बॉक्स सगळीकडे सपाट ८. सुरक्षेच्या दृष्टीने दोन्ही ठीक, पण सपाट लोडवर बास सुटा सुटा आणि वरचा टोन झाकल्यासारखा लागतो. हा फरक निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देण्याची सोय) नसलेल्या अँपवर जास्त ऐकू येतो. व्हॉक्स एसी३० मध्ये तो नाही, त्यामुळे तो स्पीकरच्या वक्राबरोबर डोलतो.

व्हॉल्व्हवाला | शनिवार, दुपारी २.४०

अभियंता साहेबांचं गणित बरोबर, पण 'दुप्पट चालतं' या नियमाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. हा नियम स्टेजवरचा. कार्यक्रमात कॅब बदलावा लागला, १६ चा मिळाला, एक रात्र निघाली. व्हॉल्यूम चारवर, गाण्यांच्या मधे विश्रांती, आणि काही बिनसलं तर पंधरा जणांना ऐकू येतं.

लोड बॉक्स आला की चालवायची तऱ्हाच बदलते. तो घेतोच कशासाठी आपण? मास्टर व्हॉल्यूम दहावर नेता यावा म्हणून. हेडफोनमध्ये आवाज छान, अँप मात्र तासन् तास फुल ताणलेला. पूर्ण विकृत सिग्नलवर १५ वॅटचा अँप २० च्या वर सहज देतो, कारण १५ हा आकडा स्वच्छ आवाजाचा. स्पीकर असता तर कोन फडफडला असता, शेजारी आले असते, तुम्हीच कमी केला असता. इथे अँप कपाटात, तुम्ही कानाला हेडफोन लावून पाठमोरे. प्लेट लाल झाली तरी पत्ता नाही. म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या माणसाला मी सांगतो, कॅबला दुप्पट फरक एखाद दिवस माफ, लोड बॉक्सला अजिबात नाही. जुळतंय तर जुळवूनच लावा. आणि अँप डोळ्यासमोर ठेवा. पहिल्यांदा लावाल तेव्हा दहा मिनिटं दिवा बंद करून ट्यूबकडे बघत वाजवा. हीटरचा नारिंगी उजेड मधल्या फटीतून दिसतो, तो असणारच. बाहेरचा राखाडी पत्रा लालसर दिसायला लागला की लगेच बंद.

कोलशेतकर | शनिवार, दुपारी ३.०५

म्हणजे ८ ला ८, ठरलं. दोन्ही एकदम लावायचं काय?

निवृत्त_अभियंता | शनिवार, दुपारी ३.२०

नको. बॉक्स ८ च्या टॅपवर, म्हणजे ट्यूबला ८,००० दिसले. कॅब १६ च्या टॅपवर, त्याचेही ८,००० दिसले. दोन्ही एकाच प्रायमरीला समांतर, म्हणून एकूण ४,०००. ज्याची भीती होती तेच घरबसल्या झालं. मागचे दोन ८ चे जॅक एकमेकांना समांतर आहेत, ते बहुधा १६ चे दोन कॅब लावण्यासाठी. १६ आणि १६ समांतर म्हणजे ८.

काथ्याकूट | शनिवार, दुपारी ४.००

आमच्याकडे दहा दिवस मंडळाचा डीजे चालतो त्याला कोणी इम्पीडन्स विचारत नाही, आणि इथे १५ वॅटसाठी एवढं प्रकरण. ५ वॅटचा अँप घ्या की सरळ.

खोपटगिटार | शनिवार, दुपारी ४.२५

काथ्याकूट, ५ वॅटने काय होणार? व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता १०० डीबी, म्हणजे १ वॅटला एक मीटरवर १०० डीबी. १५ वॅटला जवळपास ११२. ५ वॅटला १०७. वॅट एक तृतीयांश केले आणि कानाला जेमतेम थोडं कमी वाटलं. ७० डीबीवर यायचं तर वॅटचा हजारावा भाग द्यावा लागेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डीबी आहे. बंद भिंती बराच आवाज अडवतात हे खरं, तरी १०७ मधून किती अडवणार?

काथ्याकूट | शनिवार, दुपारी ४.३१

बरं बरं. डीजेचं मात्र तुम्ही टाळलंत.

ऐरोलीकर | शनिवार, संध्याकाळी ६.१५

माझ्याकडे उलटी अडचण आहे. अँपला फक्त १६ चा टॅप चांगला आहे (८ चा जॅक आतून तुटलाय), बॉक्स ८ चा. ८ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकून १६ करता येईल का? लॅमिंग्टन रोडला अॅल्युमिनियमवाले सोनेरी रेझिस्टर बघितले होते.

व्हॉल्व्हवाला | शनिवार, संध्याकाळी ७.००

होतं. अर्धी पॉवर रेझिस्टर खाईल, अर्धी बॉक्स. २० वॅटच्या अँपला ५० वॅटचा घ्या आणि हीटसिंकवर पेस्ट लावून घट्ट बसवा. त्याच्यावरचे ५० वॅट हीटसिंकसकटचे असतात, हवेत लटकवला तर निम्मेही झेलत नाही. रिअॅक्टिव्ह वक्र मात्र थोडा चपटा होईल. पण त्यापेक्षा जॅक बदला हो. जॅकची किंमत आणि लॅमिंग्टन रोडचं जाण्यायेण्याचं भाडं यात फार फरक नसेल.

जॅकवरून आठवलं, फेंडरच्या बऱ्याच अँपांत मेन जॅक शॉर्टिंग टाइपचा असतो. काही न लावता चालू केला तर आउटपुट शॉर्ट होतं. ट्यूब अँपला थोडा वेळ शॉर्ट परवडतं, ओपन परवडत नाही, म्हणून ती सोय. पण त्यामुळे मेन रिकामा ठेवून बॉक्स नुसता एक्स्टर्नलच्या जॅकला लावला तर आवाज येत नाही आणि लोक बॉक्स बिघडला म्हणून परत करतात.

ऐरोलीकर | शनिवार, संध्याकाळी ७.२०

जॅकच बदलतो. वायर कुठली? गिटारचीच लीड चालेल ना?

व्हॉल्व्हवाला | शनिवार, संध्याकाळी ७.३४

नाही. गिटार लीडच्या आतली तार बारीक असते, बाहेरून शिल्ड. ८ ओहमवर १५ वॅट म्हणजे ११ व्होल्ट आणि १.३७ अँपियर. शिवाय लीड आतून तुटली की लोड गेला, मग वर लिहिलेली काळी रेघ. हार्डवेअरच्या दुकानात दीड एमएमची टू-कोर फ्लेक्झिबल मागा, दोन्ही टोकांना चांगले मोनो जॅक, मीटरभर पुरे. एका टोकाला लाल टेप गुंडाळा म्हणजे घाईत गिटारच्या लीडशी गफलत होणार नाही. वायर बदलताना अँप पूर्ण बंद करायचा, स्टँडबायवर नाही. सिलेक्टर स्विचवाले अँप असतील तर तोही वाजवताना फिरवायचा नाही, दोन खुणांच्या मधे तो क्षणभर ओपन होतो.

कोलशेतकर | रविवार, दुपारी १२.१०

लावला. आधी मीटर: कॅबवर १२.८, म्हणजे १६ चाच. बॉक्सवर ७ च्या आसपास. ८ ला ८ लावला, फोनमधून ४०० हर्ट्झचा टोन अँपच्या इनपुटला दिला, आवाज स्वच्छ राहील तिथवर व्हॉल्यूम नेला आणि बॉक्सच्या जॅकवर एसी व्होल्ट मोजले. ११.३ आले. वर्ग करून ८ ने भागलं तर १६ वॅटच्या जरा खाली. म्हणजे अँप जे छापलंय ते देतोय आणि बॉक्स बराच खरा ८ दिसतोय. मग गिटार लावून दिवा बंद करून बसलो. प्लेट लाल नाही. बॉक्सचं झाकण अर्ध्या तासात चहाच्या कपाइतकं गरम, पंखा आपोआप सुरू झाला.

आवाज मात्र भयानक. मधमाश्यांचं पोळं. बिघडलंय का काही?

खोपटगिटार | रविवार, दुपारी १२.२२

काही बिघडलेलं नाही, आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅबच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) लावलेला नाही. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर काही देत नाही, सगळी किरकिर तोच गाळतो. लोड बॉक्सच्या लाइन आउटमध्ये ती पूर्ण येते. कॉम्प्युटरवर इग्नाइट अँप्सचा नाडआयआर फुकट मिळतो, त्यात एखाद्या चार बाय बाराची (बारा इंची चार स्पीकरच्या कॅबची) फाइल टाका.

आणि ऑडिओ इंटरफेसला (कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या डब्याला) जाताना बॉक्सच्या लाइन आउटमधूनच जा, अँपच्या स्पीकर जॅकवरून नाही. लाइन लेव्हल सव्वा व्होल्टची, तुमच्याकडे ११ आहेत.

निवृत्त_अभियंता | रविवार, दुपारी १.००

कोलशेतकर, मोजमाप नीट केलंत. बॉक्सवरच्या ७ या डीसी आकड्यावर मात्र फार विसंबू नका. काही बॉक्समध्ये आत रिले किंवा कपॅसिटर असतो, तिथे मीटर काहीही दाखवू शकतो. सेकंड हँड घेतलाय म्हणून एक तपासा: अडॅप्टर काढल्यावरही तो ७ दाखवतो का? दाखवत असेल तर लाइट गेल्यावरही लोड जागेवर आहे.

कोलशेतकर | रविवार, दुपारी १.४०

अडॅप्टर काढूनही ७. आयआर टाकला, आता माणसात आला. बॉक्सला मागे 'वीस डीबी कमी' लिहिलेला स्पीकर आउट आहे. त्याला माझा १६ चा कॅब लावला तर परत ओहमचा घोळ?

निवृत्त_अभियंता | रविवार, दुपारी २.०५

अँपला फरक पडत नाही, कारण मधे बॉक्सचा लोड आहेच, अँपला तोच दिसतो. पण वीस डीबी म्हणजे शंभरावा भाग. १५ वॅटचे ०.१५ झाले. खोपटगिटारच्या हिशोबाने एक मीटरवर तरी ९२ डीबी. रविवार दुपारला ठीक.

घणसोलीकर | रविवार, रात्री ९.३०

धागा वाचून खणाखणी केली. वडिलांच्या भजनी मंडळाचा जुना व्हॉल्व्ह (म्हणजे ट्यूबचाच) पीए अँप, लाउडस्पीकरचा, आहे, ईएल३४ ची जोडी, ३० वॅट. मागे पितळी स्क्रूंची पट्टी, त्यावरची अक्षरं पुसली गेलीत. एक कॉमन दिसतो आणि चार टर्मिनल. याला लोड बॉक्स लावून गिटार वाजवता येईल?

व्हॉल्व्हवाला | रविवार, रात्री १०.१०

येईल, पण अंदाजाने नको. त्यातलं एक टर्मिनल १०० व्होल्ट लाइनचं असणार, कर्ण्यांसाठी. १०० चा वर्ग भागिले ३० म्हणजे ३३३ ओहम. त्याला ८ चा बॉक्स लावलात तर ट्यूबच्या दृष्टीने तो शॉर्टच.

ओळखायची रीत अशी. अँप भिंतीपासून काढलेला, मोठे कपॅसिटर रिकामे केल्याची मीटरने खात्री, दोन्ही ईएल३४ काढलेल्या. हे करता येत नसेल तर कोणाला तरी बोलवा, आत ३०० च्या वर व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यावरही राहतात. मग एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी प्रायमरीला, म्हणजे दोन प्लेटच्या पिनांना द्या आणि चारही टर्मिनलवर काय येतं ते मोजा. उलटं करू नका. तेच १२ व्होल्ट ८ च्या टॅपला दिलेत तर प्लेटच्या पिनांवर २५० च्या आसपास उभे राहतील.

ईएल३४ च्या जोडीला ढोबळ ३,४०० ओहम धरा. तसं असेल तर ४ च्या टॅपवर ०.४१ व्होल्ट दिसतील, ८ च्या टॅपवर ०.५८, १६ च्या टॅपवर ०.८२. शेजारच्या दोन टॅपांत दर वेळी १.४ पटीचा फरक. १०० व्होल्टवालं टर्मिनल लगेच वेगळं पडेल, तिथे पावणेचारच्या आसपास येईल. छोटा ट्रान्सफॉर्मर नेमके १२ देत नसेल तर त्या प्रमाणात आकडे सरकवा.

घणसोलीकर | सोमवार, रात्री ८.५५

शेजारच्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांना बसवून मोजलं. १२.४ व्होल्ट दिले. आले ते असे: ०.४३, ०.६०, ०.८५ आणि ३.९.

व्हॉल्व्हवाला | सोमवार, रात्री ९.१२

पुस्तकी. दुसरं टर्मिनल ८ चं, बॉक्स कॉमन आणि त्याच्यामध्ये. शेवटच्या टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावून टाका. बॉक्स किती वॅटचा घेताय? ३० च्या अँपला १०० वॅटचा घ्या, ५० चा नको. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा काकांना बसवूनच लावा.